दोन्ही दिवे लागेपर्यंत

३ मार्च

प्रिय आत्या,

तुझी अट पाळतोय, फोन करत नाही. ‘पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचं ऐकलं, आता माझे कान रिटायर झालेत, काय ते लिहून कळव’ असं तू म्हणालीस तेव्हा मला वाटलं होतं, आठ दिवसांचं खूळ आहे. सहा वर्षं झाली. माझं अक्षर आता सुधारलंय, एवढाच त्यातला फायदा.

बातमी अशी, की लेकीला नोकरी लागली, आपल्या पिटुकलीला! आमच्याच कंपनीत, पण माझा त्यात हात नाही. मी तिसऱ्या मजल्यावर प्रोसेसरच्या विभागात, ती तळमजल्यावर. एका बस कंपनीचे फोन आता आमचं यंत्र उचलतं. लोक विचारतात, अमुक गाडी किती वाजता, पास कुठे मिळेल, आणि यंत्र माणसासारखं बोलून उत्तर देतं. त्या संभाषणांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि यंत्र कुठे चुकलं त्यावर खूण करायची, हे तिचं काम. सध्या मेअखेरपर्यंतच घेतलंय. ३१ मेला ठरवतील, कायम करायचं की नाही.

तुला माहीत आहे, याआधीच्या दोन्ही मुलाखतींत तिला नापास केलं ते ‘नजर देत नाही, गप्पा मारत नाही’ म्हणून. ऑटिझम म्हणजे काय हे त्यांना कागदावर लिहून दिलं होतं. त्यांनी कागद नीट घडी करून परत दिला. या वेळी मुलाखत नव्हती, हेडफोन देऊन कामालाच बसवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती घरातून माझ्या आधी बाहेर पडते.

मला मात्र सारखं वाटतं की तिच्याकडे याहून मोठं काहीतरी आहे. बस कंपनीचं अख्खं वेळापत्रक तिला पाठ झालंय, आत्या. तीन आठवड्यांत! बायको म्हणते, ‘असेल पाठ, तू तिची परीक्षा घेणं थांबव.’

प्रोसेसर म्हणजे काय ते तू मागे विचारलं होतंस. सोप्यात सोपं म्हणजे एक अतिशय आज्ञाधारक कारकून. सांगितलेलं एवढंच करतो, पण सेकंदाला अब्जावधी वेळा. त्याच्या आत असे चार-आठ कारकून शेजारी शेजारी बसतात. नेहमी लागणारी माहिती हाताशी ठेवतात, म्हणजे गोदामात जावं लागत नाही. आणि एक घड्याळ सगळ्यांना ठोका देतं. कळलं का?

तुझा भाचा


११ मार्च

भाचोबा,

कळलं का म्हणून काय विचारतोस? ते आमचं एक्स्चेंज आहे! चाळीस बायका रांगेत, समोर उभा बोर्ड, हातात फोन जोडायच्या दोऱ्या. तुमचे आठ, आमच्या चाळीस. नेहमीचे नंबर लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकीनं बोर्डाच्या कडेला खोचलेली असायची, डॉक्टर, स्टेशन, फायर ब्रिगेड. झालं तुमचं हाताशी ठेवणं. आणि सुपरवायझर पाठीमागून फिरायची ती ठोका द्यायला. पुढे ती सुपरवायझर मीच झाले, म्हणजे मी तुमचं घड्याळ होते. तुम्ही लोकांनी आमच्या चाळीसजणींना नखाएवढं केलंत आणि चहाची सुट्टी काढून घेतलीत, बाकी नवीन काय आहे त्यात?

तुमच्या बोलक्या यंत्राबद्दल वाचते मी पेपरात. पुढचा शब्द कुठला येईल याचा ते अंदाज बांधतं म्हणे. आमच्यात एक होती तशी. समोरच्यानं ‘मला जरा’ म्हटलं की ही ‘स्टेशन ना? देते हं!’ म्हणून दोरी लावून मोकळी. आवाज इतका गोड, की चुकीच्या ठिकाणी जोडलेले लोकसुद्धा तिचे आभार मानायचे.

पिटुकलीबद्दल वाचून मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या. तिला म्हणावं, तुझा बोर्ड अजून माझ्याकडे आहे. मी भंगारातून उचलून आणलेला, आठवतो ना? सुट्टीत यायची तेव्हा सहा वर्षांची ती आणि मी जेवायच्या टेबलावर एक्स्चेंज चालवायचो. बाकी पोरं दहा मिनिटांत कंटाळून पळायची. ही चार-चार तास. तू आणि तुझी बायको आमचे ग्राहक, एक स्वयंपाकघरात, एक गॅलरीत. तू तर फोनवर नुसत्या तक्रारी करायचास.

वेळापत्रक पाठ आहे म्हणतोस, मग लपवून काय ठेवलंयस? दाखव की तिच्या वरिष्ठांना! पोरगी काय चीज आहे ते कळू दे सगळ्यांना.

आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझ्या शेवटच्या वाक्यानं मला वाचवलं. ऐक.

पिटुकलीचं काम संथ चाललंय. दिवसाला साठ रेकॉर्डिंग ऐकून व्हायला हवीत. बाकीचे पंचावन्न ते सत्तर करतात. ही करते एकोणीस. एक दिवस एकवीस केली, दुसऱ्या दिवशी सतरा. तिच्या विभागाच्या मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, ‘काम स्वच्छ आहे हो, पण एकोणीस म्हणजे मी वर काय दाखवू?’ त्यांचं तरी काय चुकलं.

मला रात्रंदिवस तो आकडा दिसायला लागला. तेवढ्यात तुझं पत्र आठवलं. २० मेला बस कंपनीची मोठी माणसं आमच्याकडे येणार आहेत. मी संचालकांना गाठलं आणि कार्यक्रम ठरवला : एका बाजूला आमचं यंत्र, दुसऱ्या बाजूला पिटुकली. पाहुण्यांनी कुठलीही गाडी, कुठलाही थांबा विचारायचा. बघू कोण आधी सांगतं! आमच्याकडून नवा प्रोसेसर बसवलेलं यंत्र, आणि समोर निसर्गानं बसवलेला. संचालक खूश. म्हणाले, ‘अशी माणसं जीनियस असतात, मी वाचलंय.’ एकदा एवढं दिसलं, की एकोणीसकडे कोण बघणार?

पिटुकलीला विचारलं. ती म्हणाली, ‘ठीक आहे.’ लगेच सरावालाही लागली. घरी आली की खोलीत बसून पुटपुटत असते.

आयडिया तुझी, श्रेय तुझं.

तुझा भाचा


९ एप्रिल

आत्याआजी,

बाबा तुला पत्र लिहितात म्हणून मीही लिहिते आहे. त्यांनी माझ्याबद्दल लिहिलं असणार. ते खरंच लिहितात, पण सगळं लिहीत नाहीत.

मी ‘ठीक आहे’ म्हणाले. ‘ठीक आहे’ याचा अर्थ, तुम्ही म्हणालात ते मला ऐकू आलं. बाबांना वाटलं की मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करणार होते, पण ते शिट्टी वाजवत दाढी करत होते. ते शिट्टी वाजवत असले की मला त्यांना थांबवता येत नाही. आता एक्केचाळीस दिवस उरलेत. जसा उशीर होत जाईल तसं सांगणं आणखी अवघड होईल.

वेळापत्रक मला आवडतं म्हणून पाठ आहे. पण चाळीस माणसं माझ्याकडे बघत असताना ते तिथे नसेल. मी काल आरशासमोर प्रयत्न केला. आरशात मी एकटीच होते, तरी बेचाळीस नंबरची गाडी निघून गेली. पोटात दुखतं. आई म्हणाली डबा संपव. डब्याचा काही संबंध नाही.

बाबा मला प्रोसेसर म्हणतात. मी तळमजल्यावरच्या एका माणसाला विचारलं, प्रोसेसरला कंटाळा येतो का. तो म्हणाला नाही. मला येतो. मला हसूही येतं, आणि ट्यूबलाइट घूं करत असली तर रडूही येतं. आणि ‘स्वमग्न’ हा शब्दसुद्धा मला लागू होत नाही. मी स्वतःत मग्न नसते. ट्यूबलाइट, पंखा, शेजारच्याचं पेन, हे सगळं मला एकदम ऐकू येतं, त्यातच मग्न असते. हेडफोन लावला की एकच ऐकू येतं. म्हणून ही नोकरी मला फार आवडते. ती जाऊ नये असं मला वाटतं. हे मी आधी लिहायला हवं होतं, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आता प्रश्न. तू मला बोर्डावर शिकवलं होतंस, की बोलणाऱ्या दोघांनी फोन खाली ठेवला की दोघांचे दोन दिवे लागतात, आणि दोन्ही दिवे लागल्याशिवाय दोरी ओढायची नाही. एकाचं बोलून झालं म्हणजे दुसऱ्याचं झालं असं धरायचं नाही. तो नियम अजून चालू आहे का? इथे बाकीचे यंत्र ‘धन्यवाद, आपला दिवस चांगला जावो’ म्हणालं की पुढच्या रेकॉर्डिंगवर जातात. पण रेकॉर्डिंग तिथे संपत नाही. माणूस फोन ठेवेपर्यंत चालू असतं, कधी कधी दहा मिनिटं. मी शेवटपर्यंत ऐकते. कुणी काही बोललं तर पुन्हा ऐकते. म्हणून एकोणीस होतात.

नियम रद्द झाला असला तर कळव. मग मी साठ करेन.

पिटुकली (उंची पाच फूट नऊ)


१५ एप्रिल

माझी पिटुकली,

नियम चालू आहे. मी सुपरवायझर होते आणि मी तो रद्द केलेला नाही.

यंत्राचं बोलून झाल्यावर लोक काय बोलतात, ते एका वहीत लिहीत जा. तारीख, वेळ, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे. आमच्याकडे प्रत्येक टेबलावर अशी वही असायची. कुणी मागितली नाही तरी लिहायची.

आणि ऐक, त्या कार्यक्रमाची कल्पना मी तुझ्या बापाच्या डोक्यात घातली. चूक माझी आहे. मी ती निस्तरते. तू आरशाचा सराव आजपासून बंद कर, ही सुपरवायझरची ऑर्डर आहे.

आत्याआजी


१५ एप्रिल

भाचोबा,

मागच्या पत्रातलं माझं शेवटचं वाक्य खोडून टाक. मी मूर्खासारखं लिहिलं. मूर्खपणा पहिल्यांदा करत असते तर माफ होता, पण मी दुसऱ्यांदा केला.

आमच्यात एक होती, तिला आम्ही ‘डिरेक्टरी’ म्हणायचो. चार हजार नंबर तोंडपाठ. लोक नाव उच्चारत नाहीत तोवर हिची दोरी जागेवर. बाहेरून पाहुणे आले की साहेब त्यांना हिच्या खुर्चीमागे आणून उभे करायचे आणि म्हणायचे, ‘विचारा काहीही!’ ती सांगायची. आम्ही टाळ्या पिटायचो. आम्हाला तिचा अभिमान होता रे, खोटं नाही. पण ती डबा सामानाच्या खोलीत बसून का खाते, हे कुणी विचारलं नाही. जेवणाच्या खोलीत चाळीस बायकांचा कल्ला, तो तिला सोसत नव्हता. हे मला आत्ता पिटुकलीमुळे कळतंय. तेव्हा आम्ही म्हणायचो, हुशार आहे ना, मग थोडी शिष्ट असायचीच.

मग आपोआप जोडणारं एक्स्चेंज आलं आणि बोर्ड गेले. कुणाला कुठे बसवायचं ते माझ्या हातात होतं. मी डिरेक्टरीला सगळ्यात मानाची जागा दिली, चौकशीची खिडकी. समोर दिवसभर लोकांची झुंबड. मला वाटलं, पोरगी चमकेल तिथे. नवव्या दिवशी तिनं चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. मागच्या खोलीत बिलं तपासायची जागा रिकामी होती, शांत, खिडकीशी. तिथे ती रिटायर होईपर्यंत सुखानं बसली असती. पण तिथे बसवायला ती जीनियस कशाला लागते, असं मला वाटलं होतं. चार हजार नंबर जिला पाठ, तिचा नंबर आमच्यापैकी एकीकडेही नव्हता.

तुझ्या मुलीनं कुणाला हरवायची गरज नाही. तो तमाशा रद्द कर.

आत्या


२८ एप्रिल

आत्या,

तमाशा हा शब्द मला लागला.

तू तिथे बसून लिहितेस. मी इथे रोज संध्याकाळी दारात उभा राहून तिचा चेहरा बघतो. मला तिला नाचवायची हौस नाही. मला तिच्यासाठी एक खुर्ची हवी आहे, जिच्यावरून तिला कुणी उठवणार नाही. तुझी डिरेक्टरी निदान चार हजार नंबर पाठ असल्यामुळे तिथवर टिकली. साधी माणसं साधेपणावर टिकतात. पिटुकलीला ती सोय नाही, हे दोन मुलाखतींत बघितलंय मी. विलक्षण ठरली तरच लोक तिचं बाकीचं चालवून घेतील. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. असं आहे, एवढंच म्हणतो.

३१ मेला तेहतीस दिवस उरले. काल तिचे अठरा झाले. कार्यक्रम रद्द करू म्हणतेस, मग त्या जागी काय ठेवू ते सांग.

भाचा


२ मे

(पोस्टकार्ड)

तिला विचार, एकोणीसच का. विचारलंस का आजवर एकदा तरी? विचार, आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नकोस. तुला हे अवघड जाईल. तुझ्या बापालाही जायचं.

आत्या


१२ मे

प्रिय आत्या,

तुझं कार्ड मिळालं तेव्हा तीन दिवस रागावून फिरलो. मग विचारलं. खरंच, तोवर विचारलं नव्हतं. मी सगळ्यांना विचारत होतो, की तिचा वेग कसा वाढवायचा.

ती म्हणाली, ‘सांगून कळणार नाही, ऐकावं लागेल.’ शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी तळमजल्यावर गेलो. तिनं जादा हेडफोन काढून ठेवलाच होता. शेजारी बसलो.

एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन. बेचाळीस नंबरची गाडी सकाळी किती वाजता? यंत्रानं झकास सांगितलं, साडेनऊ, अमुक थांबा. आणखी काही मदत? ते जरा थांबले. यंत्र म्हणालं, धन्यवाद, आपला दिवस चांगला जावो. आमच्या हिशेबात फोन संपला, खाली नोंद : ‘समाधान झाले’. मी हेडफोन काढायला गेलो तर पिटुकलीनं माझ्या हातावर हात ठेवला. आत्या, ती स्वतःहून कुणाला हात लावत नाही. चार सेकंद काही नाही. मग ते म्हणाले, ‘पण गाडीची पायरी खाली येते का हो? हिला चढता येत नाही. हॅलो?’ थोडं थांबले. पुन्हा ‘हॅलो’. मग फोन ठेवल्याचा आवाज.

दुसरा फोन एका बाईंचा. यंत्राला म्हणाल्या, ‘थँक्यू बाळा.’ त्यांना वाटलं फोन बंद झाला, म्हणून घरातल्या कुणाला तरी सांगत होत्या, ‘नाही गं, कळलं काहीच नाही. पण किती छान बोलत होता!’

मला हसू आवरेना. पिटुकलीनं वही पुढे केली. तारीख, वेळ, शब्द. एकशे चार फोन, सगळ्यांवर नोंद ‘समाधान झाले’. बोलायला वेळ लागणारी माणसं, धीर गोळा करून विचारणारी माणसं. आमच्या यंत्राचं स्वतःचं बोलून झालं, की ते समोरच्याचंही झालं असं धरतं. आणि तपासणाऱ्यांना आम्ही साठचा आकडा दिल्यामुळे तेही तसंच धरत होते. मी म्हणालो, ‘अगं, हे कुणाला का सांगितलं नाहीस?’ ती म्हणाली, ‘कुणी विचारलं नाही. वही मात्र रोज टेबलावर उघडीच ठेवते.’

मॅडमनी वही उभ्या उभ्या वाचायला घेतली आणि खुर्ची ओढून संपवली. कार्यक्रम मी रद्द केला. संचालकांना सांगितलं, माझ्या मुलीला यायचं नाही, मी तिला नीट विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, ‘अरेरे, पण जीनियस...’ मी म्हणालो, असेल नसेल, पोटात दुखतंय तिच्या.

आणि तू विचारशील त्याआधीच सांगतो. वहीत काही सापडलं नसतं तर? या प्रश्नानं मला दोन दिवस झोप नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, ‘तर आपण चौथ्या ठिकाणी नोकरी शोधली असती, आणि तू तिथेही ढवळाढवळ केली असतीस.’ पिटुकलीला विचारलं. ती म्हणाली, ‘तर मी सगळं ऐकलं आणि सगळं ठीक होतं, असं लिहिलं असतं. तेही कामच आहे.’

३१ मेचं अजून काही कळलेलं नाही.

तुझा भाचा


४ जून

आत्याआजी,

मला कायम केलं. कागद ३१ मेला दुपारी चार वाजता मिळाला. मॅडमना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण त्यांनी आधी विचारलं. मी नको म्हणाले. मग सगळ्यांनी एकेक करून माझ्या टेबलावर एकेक बिस्किट ठेवलं. सोळा झाली. तो प्रकार मला आवडला.

यंत्रात आता बदल करणार आहेत. निरोप घेण्याआधी ते जास्त थांबेल, आणि मागून कुणी बोललं तर परत ऐकेल. बाबांच्या मजल्यावरचे लोक म्हणत होते की थांबायला शिकवणं हे बोलायला शिकवण्यापेक्षा अवघड आहे. बाबांनाही पोस्टकार्डानं शिकवावं लागलं, असं मी म्हणाले. ते सगळे हसले. मी विनोद केला नव्हता, पण नंतर मलाही हसू आलं. यंत्राबद्दल माझं मत वाईट नाही. ते कधी चिडत नाही. त्याला फक्त कुणी बोर्डावर बसवून शिकवलं नव्हतं.

बाबा अजून लोकांना सांगतात की मी जीनियस आहे. मी त्यांना सांगितलं, यात तसं काही नाही. हा नियम तुझ्या एक्स्चेंजमध्ये चाळीसजणींना येत होता आणि मी तो सहाव्या वर्षी शिकले. ते म्हणाले ‘ठीक आहे’. म्हणजे त्यांना फक्त ऐकू आलं.

आता आमच्या विभागात भिंतीवर कागद लावलाय : माणसानं फोन ठेवेपर्यंत ऐकायचं. साठचा आकडा काढून टाकला. आता सगळ्यांचे दिवसाला सोळा-सतरा होतात. माझे एकोणीसच होतात. त्यामुळे सध्या विभागात मी सगळ्यात वेगवान आहे.

एक काम राहिलं. तू बाबांना डिरेक्टरीबद्दल लिहिलं होतंस ते मी वाचलं. त्यांना परवानगी विचारली होती. ती कुठे राहते ते मी शोधू का? मला शोधता येतं. तिला फोन करायचा नाही, पत्र लिहायचं. तिला मागच्या खोलीतल्या खिडकीबद्दल सांगायचं असेल तर तू सांग.

माझं लिहून झालं. तुझं झालं का ते मला इथून दिसत नाही, म्हणून खाली अर्धं पान कोरं सोडलं आहे. त्यावर लिही आणि हाच कागद परत पाठव. मी थांबले आहे.

पिटुकली